पाणीबाईंनी न लिहिलेली घरं

मी उभ्या आयुष्यात फार तर वीस-पंचवीस घरांचे उंबरे ओलांडले असतील. माहेर, सासर, शेजार, चार नातलग, झालं. पण मला घरं माहीत आहेत शेकड्यानं. कुठल्या घराचं दार उघडताना खालून घासतं, कुठल्या खोलीत खिडकी नव्हती म्हणून भिंतीवर खिडकी रंगवली होती, कुठल्या जिन्याची सातवी पायरी सगळे टाळायचे, विचार मला. डोळे मिटले की एकेक घर येतं, आत दिवा लागतो, माणसं हलायला लागतात. स्वप्नात कसं, दिसतं सगळं लख्ख पण आवाज लांबून येतो, तसं.

ही घरं मला तुझ्या आत्याआजीनं दाखवली. मला जागेवरून उठूसुद्धा न देता.

त्यांचीच गोष्ट सांगायचीय. तू लिही, पण मी बोलते तसंच लिही हं, पुस्तकी करू नकोस. तू त्यांना आत्याआजी म्हणतेस, मी वन्सं म्हणते, कचेरीत ताई म्हणायचे आणि गल्लीबोळांत त्यांचं नाव पडलं होतं पाणीबाई. तुझ्या आजोबांची धाकटी बहीण. वयानं माझ्याहून दोन वर्षांनी लहान, पण नात्यानं मोठ्या, म्हणून जन्मभर मी त्यांना अहो-जाहो करते आणि त्या मला अगं-तुगं. लग्न केलं नाही. मी एकदा विषय काढला तर म्हणाल्या, "वहिनी, रोज पाच घरचे संसार बघून येते. सहावा स्वतःचा कशाला?"

काम काय, तर मुलांच्या कचेरीत समाजसेविका. अमक्या घरात पोराचे हाल होतायत असं कुणी कळवलं, की त्या घरी जायचं, बघायचं, आणि पोर तिथंच राहू द्यायचं की बालगृहात न्यायचं ते सांगायचं. चौतीस वर्षं हेच.

पाणीबाई नाव का पडलं? तर पहिल्या भेटीत त्या एकही प्रश्न विचारायच्या नाहीत. दारात उभं राहायचं, पदरानं मान पुसायची आणि एवढंच म्हणायचं, "जरा पाणी देता का हो?" मग बसायचं. पाणी कोण आणतं ते बघायचं. पोर आणतं का? आणलं तर भांडं कुठं असतं ते त्याला ठाऊक आहे की चाचपडतंय? आणताना मोठ्यांच्या तोंडाकडे बघतं का? "आणि सांडलं वहिनी, की मग घराचं खरं तोंड दिसतं," म्हणायच्या. लबाड बाई, कधी कधी स्वतःच सांडायच्या मुद्दाम. कुठं हसू फुटायचं, कुठं कुणीतरी धावत फडकं आणायचं, आणि कुठं पोर भिंतीला टेकायचं. तेवढं पुरे असायचं त्यांना. पण तरी निकाल द्यायच्या नाहीत. चारदा, पाचदा जायच्या. "एका दिवसाचं घर खरं नसतं," म्हणायच्या.

संध्याकाळी घरी आल्या की हातपाय धुवून माझ्यासमोर बसायच्या. मी तेव्हा शिंप्याकडची काजं-बटणं करायची, खिडकीपाशी, ऊन उतरेपर्यंत. मांडीवर शर्टांचा ढीग, दातात दोरा. त्या भिंतीला डोकं टेकवून डोळे मिटायच्या आणि सांगायला लागायच्या. नावं कधी नाहीत, गल्ली नाही, नंबर नाही. आरशांचं घर. दोन दारांचं घर. हसऱ्या म्हातारीचं घर. त्या बोलायच्या आणि मी एकेक टाका घालत त्यांच्यामागून त्या घरात शिरायची. ऊन सरकत सरकत पायाशी यायचं, मग जायचं, तरी आम्ही तिथंच, कुठल्या तरी अनोळखी स्वयंपाकघरात.

एकदा मी विचारलं, "वन्सं, कचेरीतलं असं घरी सांगायचं नसतं ना?"

"नसतंच मुळी. शपथ घेतलीय आम्ही."

"मग मला सांगता ते?"

"तुला लिहितावाचता येत नाही, वहिनी. तुला सांगणं म्हणजे विहिरीत सांगणं."

लागलं गं मला. सुई गेली बोटात, पांढऱ्या कॉलरवर लाल ठिपका उठला. दोन दिवस मी बोलले नाही त्यांच्याशी. तिसऱ्या दिवशी मीच विचारलं, "त्या आरशांच्या घराचं पुढं काय झालं?" काय करणार! तुझे आजोबा म्हणायचे, हिच्या तोंडात तीळ भिजत नाही. पण ते जाईपर्यंत मी त्यांना एक घर सांगितलं नाही. विहीर म्हटलं ना मला, मग झाले विहीर.

आता ऐक. वन्सं मला एवढं सांगायच्या, पण कचेरीच्या फाईलीत काय लिहायच्या? "भेट दिली. पाणी घेतलं. ठीक आहे." बस. मी म्हणायची, अहो, एवढं सगळं बघता, तर लिहा की. त्या म्हणायच्या, "कागदावर गेलं की ते त्या माणसाचं राहत नाही गं. आज मी लिहिलं, बाप दुपारी रडत होता. उद्या कुणी तिसराच वाचेल आणि म्हणेल, बापाचं डोकं ठिकाणावर नाही. एका ओळीनं घर मोडतं." मला पटायचं. अडाणी माणसाला कागदाची भीती असतेच. शिकलेल्या बाईलाही आहे म्हटल्यावर मला बरंच वाटलं.

मग शेवटच्या पाच-सहा महिन्यांत काम पालटलं. कचेरीत टॅब आले. पाटीसारखे, काळे. त्यात बेचाळीस प्रश्न. दारातून आत गेलं की वाचायला लागायचं, घरात संडास आहे का, पोराची लस झाली का, मोठ्यांना आजार आहे का. हो म्हटलं की एक टिचकी, नाही म्हटलं की एक टिचकी. शेवटी पाटी रंग दाखवणार. हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे नजर ठेवा, लाल म्हणजे पोर उचला. एका घराला वीस मिनिटं. आणि एका घरी त्याच बाईनं दोनदाच्या वर जायचं नाही. वन्सं टॅबच्या आधीपासून ज्या घरी जात होत्या तीसुद्धा त्यांच्याकडून काढून दुसऱ्यांना दिली. का, तर जिव्हाळा लागतो आणि निकाल बिघडतो.

वन्सं घरी येऊन नुसत्या बसायच्या. "वहिनी, आमच्या कामाचं टपालखातं झालं. दार वाजवा, सही घ्या, पुढचं दार. काल त्या नव्या पोरीबरोबर गेले होते. तिनं एकदा मान वर केली नाही. समोरची बाई रडत होती, आणि ही विचारतेय, पिण्याचं पाणी झाकलेलं असतं का."

"मग झाकलेलं होतं का?" मी विचारलं.

"मला काय माहीत! मला कुणी प्यायलाच दिलं नाही. मागायला वेळ कुठं होता?"

हसलो आम्ही दोघी. पण त्यांचं हसू लवकर विझलं. त्या दिवसांत सांगायला त्यांच्याकडे घरंच नसायची. वीस मिनिटांत काय दिसणार? माझ्या संध्याकाळी ओसाड झाल्या. मी नुसतीच काजं करायची.

ती नवी पोरगी म्हणजे कचेरीत जिला टॅबवाली म्हणायचे ती. दोन डिग्र्या, खेळाडूंसारखे बूट, चालणं म्हणजे पळणंच. वन्सं म्हणायच्या, "वाईट नाही गं ती. मन चांगलंय. पण घाईत वाढलीय."

तर वन्संच्या निवृत्तीला सव्वा महिना राहिला होता. एक दिवस आल्या आणि चपला न काढताच खुर्चीवर बसल्या. चौतीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

"काय झालं?"

"घड्याळजीचं घर लाल झालं."

माझ्या हातातली सुई थांबली. कारण घड्याळजीचं घर माझं सगळ्यात आवडतं. सांगते.

अरुंद गल्ली, खाली घड्याळदुरुस्तीचं दुकान, वर दोन खोल्या. म्हातारा आणि त्याची नात. पोरीचे आईबाप एकाच अपघातात गेले, पोर चार वर्षांची असताना हा आजोबा तिला घेऊन आला. आईचा बाप. म्हाताऱ्याचे कान पार गेलेले. जन्मभर टिकटिक ऐकली आणि कोटा संपला, असं तो स्वतःच म्हणायचा. घड्याळ चालू झालं की नाही ते बोटाचं टोक काचेवर ठेवून ओळखायचा. वन्सं त्या घरी तीन वर्षांत अकरा वेळा गेल्या होत्या. मग घर दुसरीकडे गेलं.

आता पोर सात वर्षांची. टॅबवाली गेली, बेचाळीस प्रश्न विचारले. मोठ्यांना ऐकू येतं का? नाही. रात्री पोरानं हाक मारली तर कळतं का? म्हाताऱ्याला प्रश्नच ऐकू आला नाही, म्हणून नाही. आणि जाता जाता तिला पोरीच्या मनगटावर बारीक वळ दिसला. विचारलं, हे काय? पोरगी म्हणाली, "आजोबा दोरी बांधतात झोपताना."

झालं. पोराला बांधून ठेवतात का? हो. पाटी लालेलाल. नऊ दिवसांनी बालकल्याण समितीपुढं सुनावणी, तोवर पोर घरी, मग दुसऱ्या गावच्या बालगृहात. तिथून म्हातारा तिला महिन्यातून एकदा भेटणार, तेही टेबलाच्या पलीकडून.

"अहो, पण ती दोरी!" मी म्हटलं.

"तुला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे. साहेबांना सांगितलं मी. ते म्हणाले, ताई, लिहिलंय का कुठं? फाईल काढली. अकरा भेटी. अकराही ठिकाणी, भेट दिली, पाणी घेतलं, ठीक आहे." वन्संनी तोंड झाकून घेतलं. "वहिनी, दोरीचं मी मुद्दाम लिहिलं नव्हतं. म्हटलं, कुणीतरी वाचेल आणि म्हणेल म्हातारा पोर बांधतो. नेमकं तेच झालं. माझ्या न लिहिण्यानं झालं."

"साहेबांचा विश्वास नाही तुमच्यावर?"

"आहे. म्हणूनच तर बोलले. म्हणाले, ताई, तुमच्यासारख्या सगळ्याच नव्हत्या. तुमच्या शेजारच्या टेबलावर एक बाई होत्या, त्याही ठीक आहे, ठीक आहे लिहायच्या. त्या घरी जातच नव्हत्या. आठवतंय, त्यांच्याकडच्या एका घरातल्या पोराचं काय झालं? म्हणून आली ही पाटी. आता मी तुमचं ठीक आणि त्यांचं ठीक वेगळं कसं करू?"

खिडकीत बसलो दोघी. मांडीवर डॉक्टरांचे पांढरे कोट होते, मोठी काजं. आणि मला एकदम आठवलं. असेच पांढरे कोट होते, थंडीतापाची साथ आली होती, तेव्हा वन्संनी घड्याळजीची सातवी भेट सांगितली होती. पोरीला ताप होता, आणि म्हाताऱ्यानं तिच्या उशाला तीन घड्याळं ठेवली होती, औषधाच्या तीन वेळांची.

"वन्सं," मी म्हटलं, "मला अकराच्या अकरा आठवतात."

"मलाही आठवतात. त्याचं काय करू?"

"तुम्ही आज सांगितलं तर लोक म्हणतील, चूक लपवायला रचतेय. पण मी तर बाहेरची. मला त्या त्या दिवशी सांगितलंय तुम्ही. कुठलं कधी, ते मी त्या दिवशी मांडीवर होतं त्या कापडावरून सांगेन."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "म्हणजे मला कबूल करावं लागेल, मी शपथ मोडून घरी सांगत होते. चौतीस वर्षं."

"हो."

"एवढीच एक गोष्ट माझ्याकडे होती गं, लोक डोळे मिटून बोलायचे माझ्याशी."

त्यांनी ठरवायचं होतं. मी कोटाचं एक काज पुरं केलं, दोरा तोडला. त्या उठल्या, चपला पायात होत्याच, तशाच साहेबांच्या घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी टॅबवाली आली वन्संबरोबर. दारातच बूट काढले, मांडीवर फाईल आणि पाटी घेऊन बसली. तोंड एवढंसं. तिलाही झोप नसावी.

"आजी, मला सांगायला सांगितलंय साहेबांनी, की हे चालेल असं नाही. पण मी लिहून घेते. तुम्ही बोला. फाईलीतल्या तारखा मी तुम्हाला सांगणार नाही."

"नको सांगूस. मला तारखा कळतात कुठं? मी आपली कापडं सांगते."

आणि सांगायला लागले. पहिली भेट, शाळेचे गणवेश, निळ्या रेघांचे, शाळा उघडायला पंधरा दिवस होते. पोरीनं पाणी आणलं नाही, म्हाताऱ्यानं आणलं, आणि पोरगी त्याच्या सदऱ्याचं टोक धरून मागोमाग आली. दुसरी भेट, गणवेश संपत आलेले, शेवटचा गठ्ठा. ती दोरीची भेट. पोरगी झोपेतून दचकून उठायची, हाका मारायची, म्हाताऱ्याला ऐकू जायचं नाही. एकदा पहाटे त्याला ती रडून रडून सुजलेली सापडली. त्या दिवसापासून निळी दोरी. एक टोक पोरीच्या मनगटाला, मग भिंतीतल्या खिळ्यावरून, दारावरून, दुसरं टोक म्हाताऱ्याच्या मनगटाला. पोरीच्या टोकाला पितळी दातेरी चाक, बटणाएवढं, अंधारात हाताला लागावं म्हणून. सरकगाठ. पोरगी स्वतः सोडू शकते, त्यानंच शिकवली. एकदा ओढलं तर पाणी हवं. दोनदा ओढलं तर भीती वाटतेय.

टॅबवालीचं बोट थांबलं. "हे... तिनं मला का नाही सांगितलं?"

"तू विचारलंस का?" वन्संनी विचारलं.

"मी विचारलं, हे काय."

"आणि मग?"

"मग पुढचा प्रश्न होता," टॅबवाली म्हणाली.

मी पुढं सांगत राहिले. बँडवाल्यांचे लाल डगले, लग्नसराईचे, तिसरी-चौथी. दवाखान्याचे कोट, सातवी. ती फाईलीत बघायची, माझ्याकडे बघायची, परत फाईलीत. संपलं तेव्हा ऊन भिंतीवरून उतरलं होतं. म्हणाली, "आजी, अकराही जुळतात. पण तुम्ही त्या घरी गेलाच नसाल ना कधी?"

"कधीच नाही."

"मग चला."

अगं, मला वाटलं, नको. इतकी वर्षं जे आत आहे ते बाहेर जाऊन कशाला बघा? पण घड्याळजीच्या नातीचा प्रश्न होता. पायात चपला घातल्या.

त्या चालण्याचं काय सांगू तुला! आपण स्वप्नात रोज जातो त्या गावाला एक दिवस खरंच बस निघावी तसं वाटत होतं. गल्ली आली. अरुंद, तीच. दुकानाच्या काचेत घड्याळं, प्रत्येकाची वेळ वेगळी, वन्संनी सांगितलं होतं तसंच. पण जिना! माझ्या मनात तो डावीकडे होता. इतकी वर्षं मी डावीकडून चढत होते. खरा उजवीकडे निघाला. मी पाय डावीकडे टाकला आणि भिंतीला धडकले. वन्संनी हात धरला. "काय झालं?" म्हटलं, "काही नाही, तुमचा जिना हलवलाय कुणीतरी."

वर म्हातारा टेबलाशी, पाठ आमच्याकडे, एका डोळ्याला भिंग लावलेलं. पोरगी आतल्या खोलीत खाटेवर, पाय हलवत. टॅबवालीला बघितलं आणि पाय हलायचे थांबले. खिळ्याला दोरी गुंडाळून ठेवलेली. निळी. माझ्या मनातल्यापेक्षा फिकी, धुऊन धुऊन.

टॅबवालीनं म्हाताऱ्याच्या खांद्याला हात लावला, खुणेनं सांगितलं, दोरी बांधा, आणि बसा आपले काम करत. तो आमच्याकडे बघत राहिला. मग बांधली. स्वतःच्या मनगटाला, मग पोरीच्या. परत जाऊन पाठ करून बसला, पण चिमट्यातलं चाक खाली पडलं.

"बाळा, आता ओढ बरं," टॅबवाली पोरीला म्हणाली. "नेहमी ओढतेस तशी."

पोरीनं तिच्याकडे बघितलं, पाटीकडे बघितलं. आणि ओढली.

म्हातारा उठला तो खुर्ची उलटवून. टेबलावरची डबी सांडली, एवढीशी चाकं घरभर घरंगळली. डोळ्याला भिंग तसंच, एक डोळा केवढा तरी मोठा दिसत होता. आत आला आणि पोरीच्या आणि टॅबवालीच्या मध्ये उभा राहिला. नुसता उभा. पोरीनं मागून त्याच्या सदऱ्याचं टोक धरलं.

टॅबवाली दोन पावलं मागं सरली. "आले की लगेच," ती हळूच म्हणाली. "पण एवढे का घाबरले? मी तर नुसतंच ओढायला सांगितलं."

मी म्हटलं, "बाई, तिनं दोनदा ओढली."

चाकं घरंगळायची थांबत होती, एकेक. इतक्या घड्याळांत ती खोली कशी शांत होती कुणास ठाऊक. टॅबवाली खाली बसली, फरशीवर, आणि चाकं वेचायला लागली. मग पोरगी उतरली, तीही वेचायला लागली. पाटी खाटेवरच पडून होती, काळी. बऱ्याच वेळानं टॅबवालीनं मान वर न करता पोरीला विचारलं, "जरा पाणी देशील का गं?"

पोरगी गेली. भांडं कुठं असतं ते तिला बरोबर ठाऊक होतं. मनगटावरची गाठ एका हातानं सोडली, जाता जाता, बघितलंसुद्धा नाही तिकडे.

वन्संनी माझा हात दाबला. इतका की दुखला.

पाटीवर खाली एक "इतर" नावाचा रकाना असतो म्हणे, कुणी भरत नाही. टॅबवालीनं तो भरला. पुरला नाही म्हणून कागदावर लिहिलं, सात पानं, आणि फाईलीला जोडली. सुनावणीत साहेबांनी ती मोठ्यानं वाचली. समितीतले एक गृहस्थ म्हणाले, हे सगळं एका अशिक्षित बाईच्या आठवणीवर? टॅबवाली म्हणाली, "नाही. माझ्या डोळ्यांवर. मी दुसऱ्यांदा गेले होते." पोर आजोबांकडेच राहिली. अट एवढी घातली, दोरीच्या जागी बटण दाबलं की दिवा लागेल असं काहीतरी बसवा. म्हाताऱ्यानं स्वतःच बसवलं. पण दोरी काढली नाही. वीज गेली तर?

वन्संना मेमो मिळाला, गुपित घरी सांगितल्याचा. निरोपाचा समारंभ रद्द. म्हणाल्या, "बरं झालं, भाषणं टळली." पण राहिलेले दिवस रोज कचेरीत थांबून त्या लिहीत बसायच्या. जी घरं अजून चालू होती त्यांच्या फाईली पुऱ्या करत होत्या. एक दिवस मला म्हणाल्या, "वहिनी, मला वाटायचं मी लोकांना कागदापासून वाचवतेय. पण मी गेल्यावर त्यांच्यापाशी काय राहिलं असतं? नुसतं ठीक आहे." जरा थांबून म्हणाल्या, "तरी पाटीचं मला पटत नाहीच हं. आधी पाणी, मग प्रश्न. हे मी मरेपर्यंत म्हणणार."

ती पोर आता कॉलेजात जाते. परवा आली होती ना, तूच दार उघडलंस. मीच तिला विचारलं, तुझ्या घराची गोष्ट नातीकडून लिहून घेऊ का? म्हणाली, लिहा आजी, दोरीचं नीट लिहा. म्हणून हे एक घर तुला सांगितलं. बाकीची माझ्यासोबत जाणार, तू कितीही मस्का लाव.

आणि एक सांगायचं राहिलं. वन्सं घरी बसल्यावर दोनेक महिन्यांनी, अशीच उन्हं उतरताना, टॅबवाली आली. बूट दारात काढले. काम काही नव्हतं. खिडकीपाशी बसली, भिंतीला डोकं टेकवलं.

"जरा पाणी देता का?" म्हणाली.

दिलं. सगळं प्यायली. मग म्हणाली, "आजी, तुम्हाला अजून लिहितावाचता येत नाही ना?"

"आता या वयात काय येणार गं?"

वन्संनी तिच्याकडे बघितलं. "लिहिलंस का सगळं? फाईलीत?"

"लिहिलं, ताई. खरंच सगळं लिहिलं. पण तरी उरलंय. ते कुठं ठेवू कळत नाही."

वन्सं मेमो मिळालेली बाई, सांग कशा म्हणणार? उठल्या, आतल्या खोलीत गेल्या आणि दार लोटून घेतलं.

पुरतं लावलं नाही. चार बोटं उघडं ठेवलं.

मी सुईत दोरा ओवला.